समुद्रकाठचं शून्य कार्बनचं शहर आणि आपल्या गावातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर)

मोटार_वाइंडर (दारव्हा तालुका, यवतमाळ)

नमस्कार मंडळी. आमची ग्रामपंचायत यंदा राज्य सरकारच्या ‘माझी वसुंधरा’ या पर्यावरण अभियानात जोरात उतरायचं म्हणते आहे. त्या बैठकीत तालुक्याहून आलेल्या साहेबांनी पडद्यावर डेन्मार्कचं एक शहर दाखवलं. निळं पाणी, बंदरातल्या होड्या, लाल कौलांची घरं. म्हणे हे शहर २०२९ पर्यंत कार्बनमुक्त होणार, तर आपणही होऊ. टाळ्या झाल्या, चहा झाला. मग ठराव लिहायला घेतला तर त्यात आलं काय? एलईडी पथदिवे, ५०० झाडं आणि शाळेच्या भिंतीवर चित्रं.

घरी येऊन मी त्या शहराबद्दल मिळेल ते वाचलं. सॉन्डरबोर्ग नाव. दक्षिण डेन्मार्कमध्ये, जर्मनीच्या सीमेजवळ, थोडं आल्स बेटावर आणि थोडं मुख्य भूमीवर. आसपासची खेडी धरून नगरपालिका पाऊण लाख वस्तीची, म्हणजे आपल्याकडच्या बऱ्या तालुक्याहून लहानच. २००७ मध्ये तिथे ‘प्रोजेक्ट झिरो’ सुरू झालं. नगरपालिका, वीज कंपन्या, बँकेचा निधी आणि डॅनफॉस या तिथल्याच मोठ्या कारखान्याच्या मालक कुटुंबाची संस्था असे सगळे मिळून. २०१५ पर्यंत २५ टक्के, २०२० पर्यंत ५० टक्के, २०२५ पर्यंत ७५ टक्के आणि २०२९ ला शून्य, असे टप्पे पाडले.

मला यात पवनचक्क्यांपेक्षा एक गोष्ट भारी वाटली. त्यांनी २००७ चा हिशेब आधी मांडला. किती तेल, किती गॅस, किती वीज, कुठे जळते. आणि मग वर्षानुवर्षं तोच हिशेब लोकांसमोर ठेवत गेले. आमच्या ठरावात ‘कमी करणार’ आहे, पण कशातून कमी करणार ते नाही.

म्हणून मीच पाठकोरा कागद घेतला. धरून चला, गावात २० वॅटचे ६० दिवे, रात्री ११ तास. वर्षाला साधारण ४,८०० युनिट. आपल्या देशात ग्रिडच्या एका युनिटमागे अंदाजे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड धरतात. झाले साडेतीन टन.

आता शेतीपंप. ५ एचपीची मोटर चालू असताना साडेचार किलोवॅटच्या आसपास ओढते (जळून पुन्हा भरलेली असेल तर जास्तच, हे माझ्या धंद्याचं ज्ञान). वर्षाला ६०० तास धरले तर २,७०० युनिट. असे १२० पंप म्हणजे सव्वातीन लाख युनिट, जवळपास २४० टन. दिव्यांच्या साठपटीहून जास्त! आणि ठरावात पंप हा शब्दच नाही.

इथे शेती करणारे, वीज खात्यातले, बाहेर राहणारे सगळे आहेत. सांगा, आपल्यासारख्या गावानं त्या शहराकडून नेमकं काय घ्यावं?

---

कुटारवाला (बाळापूर)

भाऊ, तुमी आकडे मांडले तं बरं वाटलं, पन एक सांगा. तिथं समुद्र हाये, वारा हाये, पैसा हाये. आमच्या इथं मे महिन्यात ४६ डिग्रीत कुलर चालवाले लाईट नाई. ज्यानं आतापर्यंत धूरच केला नाई त्यानं शून्य काहून व्हावं? आमच्या आज्यानं उभ्या जन्मात मोटरसायकल नाई घेतली. थो तं जन्मताच कार्बन न्यूट्रल होता राजेहो!

---

वर्धेकर_ज्यूटलंड

मी सॉन्डरबोर्गपासून तासाभराच्या अंतरावर राहतो, कामानिमित्त तिथे येणं-जाणं असतं. पडद्यावर होड्या दाखवल्या असतील, पण त्या शहराचं खरं काम जमिनीखाली आहे. गरम पाण्याचे नळ.

इथे घर तापवण्यावर सगळ्यात जास्त इंधन जातं. १९७३ च्या तेलसंकटात डेन्मार्कची नव्वद टक्क्यांहून जास्त ऊर्जा आयात तेलावर होती. तेव्हा चटका बसला आणि १९७९ मध्ये उष्णता पुरवठ्याचा कायदाच आला. एका ठिकाणी पाणी तापवायचं आणि नळानं घरोघर फिरवायचं. आज देशातली दोन तृतीयांशाच्या आसपास घरं अशा नळांवर आहेत. एकदा नळ असले की मागचं इंधन बदलता येतं. कचरा जाळून, लाकडाच्या चिपांवर, उष्णता पंपावर, काहीही. घरमालकाला कळतही नाही.

याच नगरपालिकेतल्या नॉर्डबोर्ग गावात एक किराणा सुपरमार्केट आहे. त्याच्या फ्रीजमधून बाहेर पडणारी उष्णता आधी दुकानालाच वापरतात आणि उरलेली गावच्या नळांत विकतात. दुकानदार बिल भरतो तसा पैसे घेतोही.

दुसरं म्हणजे घरांची दुरुस्ती. प्रोजेक्ट झिरोनं सल्लागार फुकट घरी पाठवले. खिडकी कुठून गळते, छतात काय भरायचं, पैसा किती वर्षांत वसूल होईल, हे लिहून द्यायचे. शिवाय गावातल्याच सुतार-प्लंबरना शिकवलं, म्हणजे काम त्यांनाच मिळालं. लोक पर्यावरणासाठी नाही, बिलासाठी तयार झाले. हा भाग मला आपल्याकडे नेण्यासारखा वाटतो. नळांचा अजिबात नाही, आपल्याला घर तापवायचंय कुठे!

आणि हो, समुद्राचा एक किस्सा. आल्सवरच्या फिन्सहाव धक्क्यावरून शेजारच्या एरो बेटावर २०१९ पासून ‘एलेन’ नावाची फेरी बोट चालते, संपूर्ण बॅटरीवर. गाड्या आणि माणसं दोन्ही नेते. आवाज इतका कमी की पहिल्यांदा बसल्यावर वाटलं अजून सुरूच झाली नाही.

---

राखेचा_रंग (चंद्रपूर)

सगळं छान आहे, पण हिशेब कोणाच्या वहीत लिहायचा हे आधी ठरवा.

चंद्रपूरचं महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॅटचं. तिरोडा ३,३००. कोराडी, खापरखेडा, मौदा, नांदगाव पेठ, पारस वेगळे. कोळसा इथला, पाणी इथलं, राख इथली. चंद्रपूरहून पडघ्याला साडेसातशे किलोमीटरची एचव्हीडीसी (उच्च दाबाची डीसी) लाईन गेली आहे, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी. पडघं म्हणजे कल्याण-भिवंडीच्या बाजूला. उद्या कोकणातलं एखादं समुद्रकाठचं शहर म्हणेल की आम्ही शून्य झालो, आमच्याकडे धुराडंच नाही. धुराडं माझ्या गच्चीवरून दिसतं ना!

---

मोटार_वाइंडर

@राखेचा_रंग, हिशेबाच्या पद्धतीत वीज वापरणाऱ्याच्या नावावर तिचा धूर चढतो, बनवणाऱ्या जिल्ह्याच्या नाही. म्हणजे पडघ्याला गेलेल्या युनिटचा कार्बन तिकडच्या शहरांच्या वहीत. मुंबईनं तिच्या हवामान आराखड्यात विजेचा भाग मोजलेला आहे. पण कार्बनचा हिशेब तिकडे गेला तरी राख इथेच उडते, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. ते कार्बनच्या तक्त्यात कुठेच बसत नाही.

याच कारणानं मी पंपांवर बोट ठेवतो. माझ्या गावचा पंप चालतो तेव्हा तुमच्याकडे कोळसा जळतो.

---

राखेचा_रंग (चंद्रपूर)

हे पटलं. आता पंप दिवसा सोलरवर न्या आणि मला मोकळा श्वास घेऊ द्या. 😄

---

वावरातली_ताई (राळेगाव)

पंपाचं चाललंय म्हणून लिहिते. आमच्याकडे थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात हरभऱ्याला पाणी द्यायला यांना अकराला वावरात जावं लागतं. रानडुक्कर, रोही, साप, आणि डिसेंबरची थंडी. दिवसाची वीज मिळाली तर कार्बन कमी झाला की नाही ते कोणी विचारणार नाही, माणूस घरी झोपला हेच पुष्कळ. बैठकीत सांगायचं असेल तर हे सांगा, टन सांगू नका.

आणि युरियाचं कोणीच बोललं नाही! बीएस्सी ॲग्री केलं तेव्हाचं आठवतंय तेवढं लिहिते. ४५ किलोच्या पोत्यात साधारण २१ किलो नत्र. त्यातलं सुमारे एक टक्का नायट्रस ऑक्साइड होऊन उडतं असं आंतरराष्ट्रीय हिशेबात धरतात, आणि तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७० पट तापवतो. ते झालं पोत्यामागे ९० किलोच्या घरात. युरिया विरघळताना थेट निघणारा कार्बन वेगळा, तीसेक किलो. म्हणजे एका पोत्याला १२० किलो, कारखान्यातला धूर न धरता. गावात हजार पोती पडत असतील तर १२० टन. तुमच्या पंपांच्या निम्मे!

डाळवर्गाचं आंतरपीक आमच्या सासूबाई घ्यायच्याच. कपाशीत तुरीची ओळ असायची. आता सलग बीटी आणि सलग सोयाबीन. सोयाबीनला तरी युरिया कमी लागतो, पण ‘हिरवं दिसलं पाहिजे’ म्हणून टाकतातच लोक.

---

कुटारवाला (बाळापूर)

ताई, हिरवं दिसलं नाई तं शेजारी हासते ना! थे कोनत्या तक्त्यात टाकाचं?

---

झाडीपट्टीचा (भंडारा)

आमच्या जिल्ह्यातल्या बेला ग्रामपंचायतीचं नाव इथे कोणीच घेतलं नाही म्हणून आश्चर्य वाटलं. २०२४ च्या राष्ट्रीय पंचायत पुरस्कारांत कार्बन न्यूट्रल गटातला पहिला पुरस्कार बेल्याला. डेन्मार्कला जायची गरजच नाही, भंडाऱ्याला या!

पण एक प्रामाणिक शंकाही मांडतो. आमचा पट्टा धानाचा. पाणी साचलेल्या बांधीत (धानाच्या खाचरात) मिथेन तयार होतो, मातीला हवा मिळत नाही म्हणून. तो मोजला तर आमचं एकही गाव शून्याजवळ येत नाही. मधूनमधून बांधी कोरडी सोडली तर मिथेन बराच कमी होतो, पण ज्याला मामा (माजी मालगुजारी) तलावाचं पाणी पाळीनं मिळतं तो हातचं पाणी सोडून देईल का? गावाच्या हिशेबात शेती धरायची की नाही, हा प्रश्न आहेच.

---

वर्धेकर_ज्यूटलंड

@झाडीपट्टीचा, तुमचा प्रश्न सॉन्डरबोर्गलाही पडला होता आणि त्यांनी तो बाजूला ठेवला. २०२९ चं शून्य हे ऊर्जेचं शून्य आहे. वीज, उष्णता, वाहनं. शेतातला मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड त्या आकड्यात नाहीत. आणि हा डुकरांचा देश, माणसांपेक्षा डुकरं जास्त! त्या भागात डुकरांचे मोठे गोठे आहेत. त्यांच्या शेणामुताचा बायोगॅस करून गॅसच्या नळात सोडतात, शहरातल्या बसगाड्याही बायोगॅसवर चालवल्या. म्हणजे शेतीचा *फायदा* हिशेबात आणि शेतीचा *धूर* हिशेबाबाहेर. इथल्या लोकांना हे माहीत आहे, लपवलेलं नाही. पण पडद्यावरच्या चित्रात ते येत नाही.

पाण्यातल्या पवनचक्क्यांनाही सगळे हात जोडून उभे आहेत असं समजू नका. आल्सच्या बाजूला समुद्रात पवनचक्क्या उभारायची योजना वर्षानुवर्षं रेंगाळली. किनाऱ्यावर घरं असणाऱ्यांना खिडकीतून त्या नको आहेत. माणसं सगळीकडे सारखीच.

---

मोटार_वाइंडर

हे महत्त्वाचं सांगितलंत. मग माझं मत असं की आपण दोन तक्ते करावेत. एक ऊर्जेचा: पंप, घरची वीज, ट्रॅक्टर-मोटरसायकलचं इंधन, सिलिंडर. दुसरा शेतीचा: युरिया, जनावरं, धान असेल तिथे धान. पहिल्यावर काम करायचं, दुसरा निदान लिहून ठेवायचा. झाकून ठेवला की कोणीतरी पुढे खोटा पुरस्कार घेणार.

जनावरांचं ताईंनी सांगितलं नाही, मी शोधलं. गाय-बैलामागे वर्षाला पंचवीस-तीस किलो मिथेन धरतात, दुभत्याला त्याच्या दुप्पट. तीनशे जनावरं असली की ते कार्बन डायऑक्साइडच्या मापात दोनशे टनांच्या पुढेच जातं. पण कोणी ‘बैल विका’ म्हणत नाही, म्हणूही नये. बैल गेला की ट्रॅक्टर येतो.

झाडांचंही बोलून टाकतो. मोठं झालेलं झाड वर्षाला वीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड ओढतं असा ढोबळ आकडा धरला तर नुसत्या पंपांना फेडायला १२,००० मोठी झाडं हवीत. आमच्या ठरावातली ५०० रोपं, त्यातली मेमध्ये किती उभी राहतात ते टँकरवाल्याला विचारा. लावू नका म्हणत नाही. सावलीसाठी लावा.

---

सोलर_सोसलेला (मंगरूळपीर)

सोलर पंपाचं इतकं गोड चित्र रंगवू नका. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’मध्ये दहा टक्के भरले, पंप बसला, पाणीही चांगलं आलं. मग वादळात दोन पॅनेल फुटले. कंपनीचा माणूस फोन उचलत नाही, उचलला तर ‘तक्रार वर टाकली आहे’. अख्खा रब्बी हंगाम डिझेल इंजिन भाड्यानं आणून काढला. ग्रिडची वीज खराब असली तरी लाईनमनला शिव्या देता येतात, तो गावातलाच असतो. याला शिव्या द्यायच्या तर कोणाला?

---

मोटार_वाइंडर

भाऊ, याच कारणानं मला शेतातल्या एकेकट्या पंपापेक्षा अख्खा फीडर (सबस्टेशनमधून निघणारी लाईन) सोलरवर नेणं बरं वाटतं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, २०२३ ला तिची दुसरी आवृत्ती आली. सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प, तीच शेतीच्या फीडरला वीज, दिवसा. शेतकऱ्याची मोटर आहे तीच राहते. मोटर जळली तर ती माझ्याकडे येते, म्हणजे माझा स्वार्थही आहे, लपवत नाही. 😀 पडीक जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख.

पण वर्धेकरांनी सांगितलेली ‘गावातल्या कारागिराला शिकवा’ ही गोष्ट इथे फिट्ट बसते. प्रत्येक तालुक्यात आयटीआय आहे. सोलर पंपाचा कंट्रोलर उघडून बघायला दोन पोरं तयार केली तर ह्या भाऊंचा रब्बी डिझेलवर गेला नसता.

---

वावरातली_ताई (राळेगाव)

एक धोका बोलून ठेवते. सोलर असो की फुकट वीज, पाणी फुकट झालं की बोअर थांबत नाही. वरुड-मोर्शीकडे संत्र्यासाठी बोअर खोल खोल गेले. तक्त्यात कार्बन शून्य आणि विहीर कोरडी, असं व्हायला नको. ठिबक असेल त्यालाच पहिला नंबर असं काही करता येईल का ग्रामसभेत?

आणि गोबरगॅस! कोणी सुचवण्याआधीच लिहिते. आमच्या दोन्ही आळ्यांत जुनी संयंत्रं बुजलेली आहेत. शेण कालवायचं काम कोणाचं होतं? बायकांचं. पाणी आणायचं कोणाचं? बायकांचं. संयंत्र बंद पडलं तेव्हा पुरुषांच्या लक्षातही आलं नाही. परत आणायचं असेल तर आधी हे ठरवा.

---

जिनिंग_अकाउंटंट (हिंगणघाट)

उशिरा आलो. पऱ्हाटीबद्दल, म्हणजे कपाशीच्या काड्यांबद्दल, कोणी काही लिहिलं नाही?

२०१७ च्या गुलाबी बोंडअळीनंतर फरदड (हंगाम संपल्यावर तीच कपाशी राखून घेतलेलं पीक) घेऊ नका, कपाशी वेळेत उपटा, असं सगळे सांगतात आणि बरोबर सांगतात. मग उपटलेल्या पऱ्हाटीचं काय? बांधावर पेटवतात. त्या धुरातला कार्बन डायऑक्साइड हिशेबात नवा धरत नाहीत, कारण तो त्याच वर्षी झाडानं हवेतून घेतलेला. काजळी आणि मिथेनचं नुकसान मात्र होतंच. खरा फायदा आहे तो हीच पऱ्हाटी कोळशाच्या जागी जाळली तर. नागपूरला कापूस तंत्रज्ञानवाल्या ‘सिरकॉट’चं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे पऱ्हाटीच्या विटा आणि गोळ्या करण्याचं काम झालेलं आहे. औष्णिक केंद्रांनी कोळशात थोडा शेतीचा काडीकचरा मिसळावा असं केंद्राचं धोरणही २०२१ पासून आहे.

अडतं कुठे? वाहतुकीत. पऱ्हाटी हलकी आणि फोफशी. ट्रॉली दिसायला भरलेली, वजनकाट्यावर काहीच नाही. शेतातच कुट्टी करणारं यंत्र दहा गावांत मिळून एक असेल तरच परवडतं. आणि घरोघरी सरपण म्हणून जी लागते ती आधी सोडायची, नाहीतर चुलीवाल्यांवर बोजा येईल.

---

राखेचा_रंग (चंद्रपूर)

म्हणजे तुमची पऱ्हाटी आमच्या बॉयलरमध्ये. चालेल, कोळशापेक्षा राख तरी कमी.

---

कुटारवाला (बाळापूर)

मी मजाक केली होती पयले, आता शिरेस इचारतो. हा सगळा हिशेब कराचा कसा? आमच्या इथं निम्म्या पंपाले मीटरच नाई. एचपीवर बिल येत होतं, आता तं साडेसात एचपीपर्यंत बिलच माफ झालं २०२४ पासून. युनिट कुठून आनता?

---

लाईन_स्टाफ (निवृत्त, अमरावती)

हे मी सांगतो. पंपाला मीटर नसला तरी सबस्टेशनमध्ये ११ केव्हीच्या प्रत्येक फीडरला मीटर असतो. शेतीचा फीडर वेगळा केलेला असेल तर त्या मीटरचं महिन्याचं वाचन म्हणजे पंपांचा वापर अधिक लाईनमधली गळती. गळतीही धराच, तिच्यासाठीही कोळसा जळतोच.

अडचण अशी की एका फीडरवर तीन-चार गावं असतात. त्यासाठी डीपीनुसार जोडलेल्या एचपीची यादी मागा, ती शाखा कार्यालयात असते. तुमच्या गावच्या डीपींचा एचपी भागिले फीडरचा एकूण एचपी, त्या प्रमाणात युनिट वाटून घ्या. आकडे टाकून चोरून चालवणारे पंप यादीत नसतात, ते तुमचे तुम्ही मोजा. गावात सगळ्यांना माहीत असतात.

---

मोटार_वाइंडर

काका, हेच हवं होतं. अर्ज कोणाच्या नावानं करू? ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर की माहिती अधिकारात?

---

लाईन_स्टाफ (निवृत्त, अमरावती)

आधी लेटरहेडवर, शाखा अभियंत्यांच्या नावानं, सरपंचांची सही घेऊन. मागच्या तीन वर्षांचं महिनावार वाचन मागा, एका वर्षाचं नको. पाऊस कमी-जास्त झाला की पंपाचे तास फार बदलतात, एकाच वर्षावर बेतलं तर पुढच्या वर्षी पाऊसच तुमचा कार्बन कमी करून टाकेल आणि श्रेय सरपंच घेतील. अर्जाची पोच घ्या. महिनाभरात काही आलं नाही तर माहिती अधिकार आहेच. आणि त्याच फीडरवरच्या बाकी गावांनाही अर्जात सामील करून घ्या, म्हणजे वाटणीवरून नंतर भांडण नको.

---

वावरातली_ताई (राळेगाव)

अर्जाचा मसुदा इथेच टाका भाऊ. आम्हीही आमच्या फीडरसाठी देतो. युरियाचा आकडा कृषी सेवा केंद्राच्या पॉस मशीनवर निघतो, दुकानदार ओळखीचा आहे, तो मी आणते.